पडताळणीचं पान

साठ्ये वकिलांनी लखोटा फोडला, आतली चिठ्ठी वाचली आणि ती माझ्याकडे न देता म्हात्रे सरांकडे दिली. म्हात्रे सरांनी ती वाचली, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली. मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

"दातारबाई," वकील म्हणाले, "तुमच्या कोकणस्थ सूनबाईंचं नाव मुबारक याकूब बांगडीवाले आहे."

मला वाटलं, हे माझी थट्टा करताहेत. साठ्ये वकिलांना ती सवयच होती. मी हात पुढे करून चिठ्ठी घेतली. नाव तेच होतं. वय बत्तीस, शिक्षण मॅट्रिक, व्यवसाय बांगड्यांचा. पत्ता खाडीपलीकडच्या एका गावचा. अक्षर गोल, स्वच्छ, कथेच्या हस्तलिखितातलंच.

ही गोष्ट सत्याऐंशी सालची. मी तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होते, गावच्या कॉलेजात मराठी शिकवत होते आणि स्वतःला फार मोकळ्या मनाची समजत होते. आमच्या वाचनालयाची कथास्पर्धा दर वर्षी व्हायची. परीक्षक तिघं: वाचनालयाचे अध्यक्ष म्हणून साठ्ये वकील, हायस्कूलचे निवृत्त मुख्याध्यापक म्हात्रे सर आणि मी. नियम असा की कथेवर फक्त टोपणनाव घालायचं आणि खरं नाव वेगळ्या लखोट्यात बंद करून पाठवायचं. निकाल ठरला, कागदावर तिघांच्या सह्या झाल्या, की मगच लखोटा फोडायचा. नाव बघून कुणी निकाल देऊ नये म्हणून हा नियम, आणि तो मीच दोन वर्षांपूर्वी भांडून करून घेतला होता.

त्या वर्षी पंचेचाळीस कथा आल्या होत्या. त्यांतली 'शेवटची अंघोळ' ही 'प्रवासी' या टोपणनावाची कथा मी स्टाफरूममध्ये वाचायला घेतली आणि तिथेच रडले. एक सून आपल्या अंथरुणाला खिळलेल्या सासूला न्हाऊ घालते, एवढीच गोष्ट. सासू विधवा, कडक सोवळ्याची. तीस वर्षं तिने सुनेला स्वतःला शिवू दिलेलं नाही. आणि आता सून तिच्या पाठीवरून पहिल्यांदा हात फिरवते. कथा सुनेच्या तोंडची होती, 'मी'ची. सासूबाईंना शेवटचे आठ महिने मीही असंच न्हाऊ घातलं होतं. त्या कथेतली पाठ माझ्या सासूबाईंचीच होती, अगदी मणक्याच्या बाकासकट.

म्हणून बैठकीत मी ठासून सांगितलं होतं की ही बाईने लिहिलेली कथा आहे. पुरुषाला हे सुचणार नाही, सुचलं तरी लिहिता येणार नाही. आणि बाईही आपल्याच घरातली आहे, सोवळ्याचं पाणी भरलेली. माझा शब्द घ्या, असंही म्हणाले होते. तेवढ्यावर न थांबता परीक्षकांचं मनोगत लिहून छापखान्यात दिलं होतं, 'स्त्रीनेच लिहावी अशी कथा' या मथळ्याचं.

आता ते मनोगत माझ्या डोळ्यांसमोर नाचायला लागलं.

वकिलांचं म्हणणं सरळ होतं. कथा चोरलेली आहे. कुठल्या तरी जुन्या मासिकातून उतरवली असेल, नाही तर कुणा बाईची वही याच्या हाती लागली असेल. म्हात्रे सर हळू आवाजात म्हणाले की निकालावर सह्या झाल्यात, नियमाप्रमाणे आता काही बदलता येत नाही. बक्षीस त्याचं आहे.

मी सरांच्या बाजूने बोलायला हवं होतं. नियम माझा होता. पण मला आतून कुणीतरी फसवल्यासारखं वाटत होतं. मी माझ्या सासूबाई आठवून रडले होते, आणि रडवणारा कोण, तर एक बांगडीवाला. मी म्हणाले, बोलावून घेऊ. समोर बसवून एक पान लिहून घेऊ. खरा असेल तर लिहील. वकिलांना ती कल्पना फार आवडली. त्यांनी तिला पडताळणी असं नावही दिलं आणि त्याच दिवशी पोस्टकार्ड टाकलं.

पुढच्या रविवारी दुपारी तीन वाजता आम्ही तिघं वाचनालयाच्या माडीवरच्या खोलीत लांब टेबलाशी बसलो होतो. जिन्यावर पावलं वाजली आणि दारात एक उंच माणूस येऊन उभा राहिला. काळाभोर. कुरळे, डोक्याला चिकटलेले केस, रुंद नाक, जाड ओठ. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. मी पुण्यात शिकत असताना तिथे आफ्रिकेतले विद्यार्थी पाहिले होते. तसाच कुणी किनाऱ्यावर फिरायला आला असेल आणि जिना चुकून वर चढला असेल, असं मला वाटलं. मी उठून, जमेल तितक्या गोड आवाजात, इंग्रजीत त्याला विचारलं की आपल्याला कोण हवंय.

"मी मुबारक बांगडीवाले," तो म्हणाला. "तुमचं कार्ड आलं होतं, बाई."

माझी मराठी ज्या गावात वाढली, त्याच गावातली त्याची मराठी होती. मी उभीच राहिले. साठ्ये वकिलांचं तोंड उघडं ते उघडंच. म्हात्रे सर तेवढे हसले आणि त्यांनी खुर्ची पुढे केली.

"सिद्दी ना तुम्ही?" सरांनी विचारलं.

"हो सर."

सिद्दी. जंजिऱ्याचा सिद्दी मी चौथीच्या इतिहासात शिकले होते आणि पुढे मुलांनाही सांगत आले होते. आफ्रिकेतून आलेले, दर्यावर्दी, किल्ल्यात ठाण मांडून बसलेले. त्या सिद्द्यांची नातवंडं-पणतवंडं आपल्याच किनाऱ्यावर राहतात, रेशनच्या रांगेत उभी राहतात, मराठी शाळेत जातात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. मी ते मनावर घेतलं नव्हतं. माझ्यासाठी ती माणसं पुस्तकाच्या पानावरच संपली होती.

वकिलांनी उलटतपासणी सुरू केली. त्याने शांतपणे उत्तरं दिली. दोन एसट्या बदलून आला होता. बापाचा बांगड्यांचा धंदा, तोच चालवत होता. पंचक्रोशीतल्या घरांत जाऊन बांगड्या भरायच्या, जत्रेत पाल टाकायचं. वाचनाचा नाद शाळेत लागला. चार वर्षांपासून लिहीत होता, पाठवली मात्र हीच पहिली.

"ही कथेतली सून तुमच्या घरातली नाही," वकील म्हणाले.

"नाही."

"मग सोवळ्याच्या घरातलं तुम्हाला काय ठाऊक? त्या घरात तुम्हाला कुठपर्यंत येऊ देतात?"

"ओटीपर्यंत," तो म्हणाला. "बांगड्या ओटीवरच भरतात. ओटीवर बसलं की आतलं सगळं ऐकू येतं."

मी विचारलं, "आणि सासू? ती कुणी सांगितली?"

तो माझ्याकडे वळला. "त्या सासूला मी कधी बांगड्या भरल्या नाहीत, बाई. विधवा होती ती. मी सुनेला भरायला बसलो की ती दाराआड उभी राहून बघायची. बाराव्या वर्षापासून बापाबरोबर जात होतो मी त्या घरी. दर वेळी ती दाराआड. एकदा तिने नुसता हात दाराबाहेर काढला आणि परत आत घेतला. तिचा हात सव्वादोनच्या मापाचा होता, सुनेपेक्षा बारीक."

खरं तर पडताळणी तिथेच झाली होती. कथेत दाराआडचं काही नव्हतं, हात बाहेर काढल्याचं काही नव्हतं, पण त्या सासूची पाठ कुठून आली ते मला कळलं. वकील मात्र म्हणाले की ऐकीव गोष्ट कुणीही सांगेल, आपलं ठरलंय ते लिहून घ्या. विषय बाईंनी द्यावा.

ते स्वतः सुचवत होते, 'आमचा सिद्दी समाज' असा काहीतरी निबंध. मला ते पटलं नाही. मी म्हणाले, तुमच्या कथेत 'मी' ही बाई आहे. तसंच लिहा. बाईच्या तोंडून, एक पान.

"कुठल्या बाईच्या?" त्याने विचारलं.

"कुठल्याही," मी म्हणाले.

त्याने वाचनालयाचा कोरा कागद घेतला, खिशातलं स्वतःचं पेन काढलं आणि आधी बराच वेळ नुसता बसून राहिला. मधूनमधून तो मान वर करून माझ्याकडे बघत होता. माझ्या तोंडाकडे नाही, हातांकडे. मला ते आवडलं नाही. मी हात टेबलाखाली घेतले. मग तो लिहायला लागला. वकील वर्तमानपत्र चाळत बसले, म्हात्रे सरांनी खालून चहा मागवला. तो चहा त्याने तसाच निवू दिला. पाऊण तासाने त्याने कागद फिरवून माझ्यासमोर सरकवला आणि पेनाला टोपण लावलं.

"मोठ्याने वाचा, बाई," वकील म्हणाले. "तुम्ही मराठीच्या प्राध्यापक. तुम्ही म्हणाल ते आम्हाला मान्य."

म्हात्रे सरांनीही मान डोलावली. त्या क्षणी त्याचं बक्षीस आणि त्याच्या कथेवरचं त्याचं नाव, दोन्ही माझ्या जिभेवर होतं. ते मला कळत होतं आणि त्यालाही कळत होतं.

मी वाचायला लागले. 'मी शिक्षिका आहे,' अशी सुरुवात होती. 'रविवारी दुपारी मला कामासाठी बाहेर जावं लागलं. माझ्या उजव्या हातात दोन हिरव्या बांगड्या आहेत. हात बारीक होता तेव्हाच्या. आता त्या निघत नाहीत. काढायच्या तर फोडाव्या लागतील आणि ते माझ्याच्याने होत नाही, कारण त्या ज्या माणसाने माझ्या हातात भरवल्या, ते माणूस आता नाही. फोडल्या तर ते दुसऱ्यांदा जाईल. लोकांना मी सांगते, मला आवडतात.'

त्या बांगड्या सासूबाईंनी जायच्या आदल्या महिन्यात बांगडीवाला घरी बोलावून मला भरवल्या होत्या. त्याला सात वर्षं झाली होती. ही गोष्ट मी माझ्या नवऱ्यालाही कधी बोलून दाखवली नव्हती. समोरच्या या माणसाने फक्त माझं मनगट बघितलं होतं. वकिलांना आणि सरांना काही कळलं नाही. त्यांना वाटलं, कुणा एका बाईचं वर्णन चाललंय.

पुढे ती शिक्षिका वाचनालयात येते, माडीवर दोन पुरुषांबरोबर बसते. कुणाची तरी वाट बघते. येणारा माणूस खरा आहे की खोटा हे तिला ठरवायचं असतं. तिला तो खोटाच निघावा असं वाटत असतं, आणि तसं वाटल्याची तिला लाजही वाटत असते. एवढं मी वाचलं. वाचताना माझे कान तापले होते, पण वाचलं. पाहिजे तर ती कुठलीही बाई आहे असं मला अजून म्हणता येत होतं.

त्यानंतर चार ओळी होत्या. माझी नजर आवाजाच्या पुढे धावली आणि त्या ओळी मी मनात आधी वाचल्या. वाचून मी खाली माझ्या मांडीकडे बघितलं. आयुष्यात इतका धक्का मला माणसं गेल्यावरही बसला नव्हता, कारण माणसं जाणार हे ठाऊक तरी असतं.

मी त्या चार ओळी वाचल्या नाहीत. त्यांवरून उडी मारून खालची शेवटची दोन वाक्यं वाचली. त्यांत खिडकीबाहेरच्या नारळांचं काही होतं. मग मी कागद पालथा ठेवला.

"एवढंच?" वकील म्हणाले. "यात घडलं काय? बाई आली, बसली, नारळ बघितले."

म्हात्रे सर म्हणाले की बांगड्यांचं चांगलं उतरलंय. मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले, लखोटा फोडला त्या दिवशी बघितलं होतं तसेच.

"भाषा बरी आहे," मी म्हणाले. "पण ती कथा ज्या हाताने लिहिली, तो हात हा नाही."

हे वाक्य मी उच्चारलं. कुणी माझ्या तोंडात घातलं नाही. अडतीस वर्षांत मी त्याला पुष्कळ कारणं देऊन पाहिली: घाबरले होते, गोंधळले होते, वकिलांचा दबाव होता. त्यातलं एकही टिकत नाही. तो खोटा असता तर मी कदाचित त्याला सांभाळून घेतलं असतं. तो पुरता खरा निघाला, म्हणून मी त्याला खोटा ठरवलं.

"बाई," तो म्हणाला, "चार ओळी राहिल्या."

"काय राहिलं?" वकिलांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. "खोडलेल्या आहेत त्या."

त्याच्या लिखाणात एकही खाडाखोड नव्हती. त्याने हात लांब करून कागद उलटा केला असता तर सगळ्यांना दिसलं असतं. मी त्याच्या हाताकडे बघत राहिले. हात हलला नाही. त्याने माझ्याकडे बघितलं, आणि त्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं. एखाद्या बाईचा हात बांगडी चढवताना दुखला की बांगडीवाले जसे थांबतात, तसा तो थांबला होता.

"खोडल्या असतील," तो म्हणाला आणि उठला. "माझी कथा तेवढी द्या. ती घेऊन जातो."

वकील म्हणाले की नियमाप्रमाणे हस्तलिखितं परत मिळत नाहीत. म्हात्रे सर उठले, कपाटातून 'शेवटची अंघोळ' काढली आणि दोन्ही हातांनी त्याला दिली. जिना उतरताना त्याची पावलं चढताना वाजली होती तशीच वाजली. सरांनी ते पान बघायला मागितलं, तर मी म्हणाले, अक्षर लागत नाही, राहू दे माझ्याकडे. सरांनी पुन्हा मागितलं नाही. मला वाटतं, त्यांना कळलं होतं. त्यानंतर ते परीक्षक म्हणून कधी बसले नाहीत.

पहिलं बक्षीस दुसऱ्या क्रमांकाच्या कथेला गेलं. ती गावातल्याच एका बाईंची होती, त्यामुळे माझं मनोगत, कथेचा उल्लेख तेवढा बदलून, मथळ्यासकट तसंच छापलं गेलं. समारंभात मी ते वाचूनही दाखवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी त्या घेतल्या.

पुढे सहा-सात वर्षांनी धीर करून मी खाडीपलीकडे त्या पत्त्यावर गेले. घर बंद होतं. शेजारच्या बाईने सांगितलं की मुबारक धंदा विकून गुजरातकडे गेला, तिकडे त्याच्या बायकोचं माहेर आहे. लिहितो का अजून, असं मी विचारलं. ती म्हणाली, "लिहायचा तो? आम्हाला कधी बोलला नाही." दर दिवाळीला जेवढे अंक हाती लागतात तेवढ्यांची अनुक्रमणिका मी त्याच्या नावासाठी वरपासून खालपर्यंत बघते. ते नाव मला अजून दिसलेलं नाही.

पान माझ्याकडे आहे. आता माझं वय एक्याऐंशी आहे आणि ज्यांच्यापासून ते लपवायचं होतं ते दोघंही गेले. त्या दिवशी त्या खोलीत मी मोठ्याने वाचायला हव्या होत्या, त्या चार ओळी अशा:

'तो दारात आला तेव्हा माझी पर्स टेबलावर होती. तो समोर बसला तशी ती मी उचलून मांडीवर घेतली. कधी घेतली ते मला कळलं नाही, आणि कुणी सांगितलं तर खरं वाटणार नाही, कारण मी वाईट बाई नाही. तो गेला की मी ती परत टेबलावर ठेवीन.'